न धुण्याचं मशीन

अंडं फुटल्याचा आवाज आला तेव्हा उत्तरा चहा गाळत होती. आवाज फार मोठा नव्हता, पण पाठोपाठ जो वास आला त्याने गाळणी तशीच ओट्यावर टाकून ती मागच्या खोलीत धावली. मशीनच्या काचेतून आत पाहिलं तर मधल्या ट्रेवर हिरवट-काळा राडा उडाला होता आणि शेजारच्या अंड्यांवरून ओघळत होता. आतला पंखा मात्र फिरतच होता. झालेली सगळी घाण तो इमानेइतबारे उरलेल्या अंड्यांना वाटत होता.

"परत?" नाकाला टॉवेल लावून दारात उभ्या राहिलेल्या नवऱ्याने, दिगंबरने, विचारलं.

"वासावरून कळत नाही का?"

"अगं, मी आपलं विचारलं."

"विचारू नका. बादली आणा."

ही लागोपाठची तिसरी खेप वाया गेली होती. पहिल्या वेळी अर्धी पिल्लं टरफलातच मेली. दुसऱ्या वेळी ती बाहेर आली, पण पोटं फुगलेली, बेंबी मिटलेली नाही, ओलसर आणि लाल. एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसायची आणि दोन-तीन दिवसांत माना टाकायची. आणि आता तर अंड्याचाच बॉम्ब झाला होता.

उत्तरा हजारे या कामात नवखी नव्हती. विट्याच्या कारंडे गल्लीत घरी पिल्लं काढायला सुरुवात केली ती तिनेच. बर्ड फ्लूच्या साथी एकामागून एक आल्या, तेव्हा एका छपराखाली लाखांनी अंडी उबवणाऱ्या मोठ्या हॅचऱ्या सरकारने बंद केल्या. एका जिल्ह्याचं पिल्लू दुसऱ्या जिल्ह्यात न्यायलाही बंदी आली. कोंबडी तर लोकांना हवीच होती. मग घराघरांत फ्रिजच्या निम्म्या आकाराची मशिनं आली, आणि यंत्रमागांच्या खडखडाटाला सरावलेल्या विट्यात पिल्लांची चिवचिवही ऐकू येऊ लागली. ज्या बायका पूर्वी मागांसाठी सुताच्या कांड्या भरायच्या त्या आता अंड्यांना उजेड लावून आत जीव धरलाय का ते पाहू लागल्या.

या धंद्यात सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे मशीन धुणं. पिल्लाला जी ऊब आणि जो ओलावा लागतो, तोच जंतूंनाही मानवतो. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर पडतात आणि मागे टरफलांचा चुरा, ओले पापुद्रे, शी आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्या अंगावरची मऊ लव ठेवून जातात. ही लव वाळली की धुळीसारखी उडते, पंख्याच्या पात्यांवर, जाळीत, सांध्यांत जाऊन बसते. त्यात जंतू महिनोन्‌महिने तग धरतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची बेंबी उघडी असते, आणि जंतूंना तेवढं दार पुरतं. म्हणून प्रत्येक खेपेनंतर मशीन रिकामं करायचं, साबणाच्या कोमट पाण्याने घासायचं, ब्लीचचं पातळ पाणी फिरवायचं, खडखडीत वाळवायचं आणि मगच नवी अंडी ठेवायची. त्यात बाईचा सबंध दिवस जाई आणि कंबर मोडे ती वेगळीच.

'सोज्वळ' कंपनीने नेमकं हेच दुखणं हेरलं. तिच्या मशीनला आतून एक सजीव लेप होता. त्यातले जिवाणू प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेले. लव, पापुद्रे, वाळलेला बलक असा जो काही मेलेला प्रथिनांचा कचरा भिंतीवर येऊन पडेल तो विरघळवून खायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांना लागणारं एक खास द्रव्य मशीनच्या प्लास्टिकमध्येच मुरवलेलं होतं, त्यामुळे भिंत सोडून ते दुसरीकडे जगूच शकत नसत. जांभळा दिवा लावला की लेप मंद पोपटी चमके. मशीनचा डोळा ती चमक पाही आणि मगच आतली ऊब सुरू होई. लेप जिवंत असेल तरच पिल्लाच्या पायात घालायची सरकारमान्य कडी मशीनमधून बाहेर पडे. कडी नसलेलं पिल्लू बाजारात कोणी घेत नसे.

झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पुसू नका. धुवू नका. हात लावू नका.

गल्लीत पहिलं सोज्वळ मशीन उत्तराकडे आलं ते तिच्या मुलीमुळे. गार्गी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, त्याच लेपावर तिने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प केला, आणि कंपनीने तिला सांगलीत स्वच्छता अधिकारी म्हणून घेतलं. मशीन बसवायला ती स्वतः आली होती. "आई, आता तुझी कंबर सुटली बघ," असं म्हणून तिने जांभळा दिवा लावून ती पोपटी चमक दाखवली, तेव्हा उत्तराने शेजारणींना हाका मारून बोलावलं होतं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. सगळ्या गल्लीने तीच मशिनं घेतली.

तिसऱ्या खेपेनंतर उत्तराने कंपनीकडे तक्रार केली. उत्तर फोनवर आलं नाही. एक माणूस आला, मान वर न करता दारावर लाल पट्टी चिकटवून निघून गेला. पट्टीवर लिहिलं होतं: 'या घरात अस्वच्छ हाताळणी आढळली आहे.'

उत्तरा ती पट्टी वाचत उभी राहिली. जी बाई गॅसच्या सिलिंडरखालची फरशी रोज पुसते, तिच्या दाराला! समोरच्या घरातल्या खिडकीचा पडदा हलला. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचे आवाज एकदम जास्तच मोठे वाटू लागले.

आणि मग तिला जरीनाभाभीचं दार आठवलं.

जरीना मुल्ला गल्लीच्या टोकाला राहायची. तिच्या दाराला अशीच पट्टी दोन महिन्यांपूर्वी लागली होती. तेव्हा गल्लीत कोणी मोठ्याने काही बोललं नाही. फक्त बायका तिच्याकडची अंडी घेईनाशा झाल्या. नळावर कोणीतरी "त्यांच्यात असंच असतं" असं म्हटलं होतं. उत्तराने त्याला मान डोलावली नव्हती, पण तोंडही उघडलं नव्हतं. त्या दोन महिन्यांत ती भाभीच्या दारासमोरून शंभरदा गेली असेल.

आज ती थेट तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ये," जरीना म्हणाली. हातातली परात तिने खाली ठेवली नाही. "आत्ता वाट सापडली?"

"भाभी, माझ्याही दाराला..."

"बघितली मी पट्टी. माझी लागली तेव्हा मात्र तुला दिसली नाही. तुझ्या दाराला लागली आणि लगेच पाय इकडे वळले."

"खरं आहे," उत्तरा म्हणाली.

जरीनाने तिच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं, मग परात ठेवली. "चल, माझी घाण बघून जा."

आतली खोली आरशासारखी होती. फरशीवर फिनेलचा वास, हात धुवायला दाराशीच बादली आणि साबण, अंड्यांसाठी वेगळं फडकं, तेही उकळलेलं. मशीन बंद होतं. आत परवाच वाया गेलेल्या खेपेची न उबलेली अंडी तशीच पडून होती. "फेकायचा जीव होईना," जरीना म्हणाली.

उत्तराने त्यातलं एक उचललं आणि तिची बोटं थबकली. अंडं गुळगुळीत लागत होतं. काचेसारखं.

"भाभी, तुम्ही उबवायची अंडी धुता?"

"काय?" जरीना उसळलीच. "आता तूही मला शिकवणार? उबवायचं अंडं कोण धुतं? त्याच्या अंगावरचा पापुद्रा गेला की ते सडतं, हे माझ्या नातीलाही माहीत आहे!"

"मला तसं म्हणायचं नव्हतं. हात लावून बघा. हे धुतल्यासारखं लागतंय."

जरीनाने अंडं घेतलं, अंगठा फिरवला. मग खुराड्यातून ताजं अंडं आणलं. त्यावर नेहमीसारखी खडूच्या भुकटीची असावी तशी साय होती. दोन्ही अंडी तिने दोन हातांत धरून उत्तरापुढे केली.

"माझ्याकडची फुटली तीही अशीच चकाकत होती," उत्तरा म्हणाली. "मला वाटलं, ओलाव्याने असेल."

गार्गी रविवारी आली. आईच्या दारावरची पट्टी बघून ती क्षणभर उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ही मी लावायला सांगितली नव्हती," ती म्हणाली.

"तुझ्या कंपनीने सांगितली. आत ये. हात धू, नाहीतर तोही आरोप माझ्यावर यायचा."

"आई, प्लीज."

"काय प्लीज? तुझ्या लहानपणी मातीतून आलीस तर अंगणात आंघोळ घालून आत घेणारी बाई मी. आणि मी अस्वच्छ? आणि जरीनाभाभी अस्वच्छ?"

"अगं, तो संगणकाचा निकाल असतो. लेप जिवंत आहे आणि तरीही पिल्लं मरतायत, म्हणजे जंतू बाहेरून आले असा त्याचा अर्थ निघतो. दुसरं कारणच त्याच्या यादीत नाही."

"मग यादी चुकली म्हण."

उत्तराने गार्गीसमोर दोन अंडी ठेवली, एक मशीनमधलं, एक खुराड्यातलं. "डोळे मीट आणि बोटांनी सांग, कुठलं कुठलं."

गार्गीने डोळे मिटले नाहीत. बोट मात्र फिरवलं, आणि तिचा चेहरा बदलला. ती उठली, गाडीतून तिची पेटी घेऊन आली आणि हिरवट निळ्या रंगाची एक बाटली काढली. वाटीभर पाण्यात तो रंग मिसळून तिने दोन्ही अंडी मिनिटभर बुडवली आणि नळाखाली धुतली.

"कवचाला हजारो भोकं असतात," ती म्हणाली. आवाज अधिकाऱ्याचा नव्हता, विद्यार्थिनीचा होता. "त्यातून पिल्लू श्वास घेतं. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्यावर प्रथिनांचा एक पातळ थर देते. तो ती भोकं मिटवून ठेवतो, हवा आत जाते पण जंतू नाही. हा रंग त्याच थराला धरतो. थर असेल तिथे निळं होतं."

खुराड्यातलं अंडं गडद निळं-हिरवं झालं होतं. मशीनमधलं पांढरं राहिलं होतं, फक्त टोकाकडे चार-दोन ठिपके.

"म्हणजे तुझ्या लेपाने माझ्या अंड्यांची कातडी खाल्ली," उत्तरा म्हणाली.

"लेप भिंतीवरून हलू शकत नाही."

"मग?"

गार्गी स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागली. "जिवाणू हलत नाहीत. पण ते जो पाचक रस सोडतात, तो... मशीन नवं असतं तेव्हा लेप पातळ असतो, रस भिंतीवरच संपतो. वर्षभर लव खाऊन खाऊन लेप जाड झाला, की रस जास्त होणार. न खाल्लेली लव त्यात भिजणार आणि पंख्याने ती उडणार. एकवीस दिवस सतत अंड्यांवर पडत राहणार. अंड्यावरचा थरही शेवटी मेलेलं प्रथिनच आहे. त्याला काय कळतं, कुठला कचरा आणि कुठलं कवच." ती थांबली. "आम्ही चाचण्या नव्या मशीनवर घेतल्या होत्या. चार-पाच खेपांच्या."

"आणि ते धुतलं असतं तर?"

गार्गीने बाटलीचं झाकण लावलं. "तर हे झालं नसतं."

ती अंडी, फोटो, सगळं घेऊन गेली. वरिष्ठांना कळवते म्हणाली. जाताना पट्टी काढायला तिने हात पुढे केला, पण मग मागे घेतला. उत्तराने ते पाहिलं.

तिचा फोन दुसऱ्याच दिवशी आला.

"आई, त्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"थराचं. मुख्य कार्यालयाला मागच्या उन्हाळ्यापासून माहीत आहे. पुढच्या वर्षी नवा लेप येणार आहे. तोवर याची कुठे चर्चा करायची नाही असं मला लेखी कळवलंय."

उत्तराने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि तोवर?"

"तोवर..."

"बोल ना. तोवर पिल्लं मरतील आणि बायकांच्या दारांना लाल पट्ट्या लागतील. असंच ना?"

"ते म्हणतात, लोकांनी एकदा धुवायला सुरुवात केली की लेपावरचा विश्वासच उडेल. आई, मी अजून भांडतेय त्यांच्याशी. मला थोडा वेळ दे."

"वेळ मी नाही देणार. वेळ माझ्याकडे नाहीच. माझं नाव गेलंय, गार्गी." तिने फोन ठेवला. मग अंगणात जाऊन पदर खोचला आणि दिगंबरला हाक मारली, "अहो, त्या मशीनची पिन काढा. बाहेर घ्यायचंय ते."

"झाकणावर लिहिलंय की धुवू नका म्हणून..."

"वाचता येतं मला."

तिने ट्रे काढले, जाळ्या काढल्या. लव उडू नये म्हणून आधी सगळं ओल्या फडक्याने टिपलं. फडकं बुळबुळीत होऊन येई, पिळलं की त्यातून करडा चिकट रस गळे. सांध्यांत तो लेप दह्याच्या सायीएवढा जाड बसला होता आणि त्यात लव, टरफलं, एका पिल्लाची अख्खी नखी अडकलेली होती. ज्याला ती वर्षभर स्वच्छता समजत होती ते हे होतं. तिने साबणाच्या कोमट पाण्याने ते खरवडलं, जुन्या दात घासायच्या ब्रशने पंख्याची पाती एकेक करून घासली, ब्लीचचं पाणी फिरवलं, साध्या पाण्याने काढलं आणि मशीन उन्हात उघडं ठेवलं. दोन दिवस खडखडीत वाळू दिलं. मशीनला आतून पुन्हा प्लास्टिकचा वास येऊ लागला.

मग पिन लावली. आत जांभळा दिवा पेटला, काही क्षण शोधत राहिला आणि विझला. आतून एक गोड बायकी आवाज आला:

"सजीव लेप आढळला नाही. हे यंत्र अस्वच्छ आहे. कृपया केंद्राशी संपर्क साधा."

उत्तराला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने पिन काढून परत लावली. आवाज तितक्याच गोडीने तेच म्हणाला. ऊब सुरू झाली नाही. आयुष्यात तिने कधी कुठल्या यंत्रावर हात उचलला नव्हता, पण त्या दिवशी हातातलं ओलं फडकं तिने असं काही झाकणावर फेकून मारलं की पलीकडे झोपलेलं मांजर उठून पळालं.

"भाभी," ती जरीनाच्या दारात जाऊन म्हणाली, "इस्माईलभाईंना विचारा, साधी पेटी बनवून देतील का?"

जरीनाच्या नवऱ्याचं विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं, वाइंडिंगचं दुकान होतं. त्याने थर्मोकोलचा एक जुना खोका घेतला, आतून पत्रा लावला, दोन बल्ब, एक छोटा पंखा आणि ऊब वाढली की बल्ब बंद करणारा एक ठोकळा बसवला. त्याला लेप नव्हता, डोळा नव्हता, आवाजही नव्हता. अंडी रोज हाताने फिरवावी लागत. दिवस दोघींनी वाटून घेतले. एकीने बाजार केला की दुसरी पेटीपाशी. त्या दिवसांत जरीना तिच्याशी फार बोलली असं नाही. एकदा मात्र अंडी फिरवता फिरवता म्हणाली, "नळावर ते कोण बोललं होतं, मला माहीत आहे. तू गप्प होतीस तेही माहीत आहे." उत्तराने अंडं जागेवर ठेवलं आणि मान खाली घालून ऐकून घेतलं.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. कोरडी, मऊ लवेची, पायांवर घट्ट उभी, बेंबी मिटलेली. चार-दोन अंडी सोडली तर सगळी. जरीना पिल्लाला उलटं करून पोट बघे आणि "वा" म्हणे, पुन्हा दुसरं उचले आणि पुन्हा "वा" म्हणे.

पण पायांत कडी नव्हती. आणि बातमी तर गल्लीत लपत नाही.

आठवड्याभरात कंपनीची जीप आली. पुढे विभागीय व्यवस्थापक कुलथे, मागे गार्गी. जीपच्या मागच्या भागात जाळीचा रिकामा क्रेट होता. माणसं जमली.

"ताई, तुमच्यावर कारवाई करायला आम्हालाही बरं वाटत नाही," कुलथे म्हणाला. गोरटेला, घाम टिपत बोलणारा माणूस. "पण बिनकडीची पिल्लं म्हणजे साथीला आमंत्रण. नियम आहे. ती ताब्यात घेऊन नष्ट करावी लागतात. तुम्हाला स्वच्छतेचं महत्त्व समजतं..."

"समजतं," उत्तरा म्हणाली. "म्हणून तर धुतलं."

"धुतलंत म्हणूनच यंत्र अस्वच्छ झालं. लेप मेला की..."

"साहेब, हे वाक्य तुम्ही परत एकदा म्हणा. सगळ्यांना ऐकू द्या. धुतलं म्हणून अस्वच्छ झालं!"

मागे कोणीतरी हसलं. कुलथेचा चेहरा ताठ झाला. त्याने जीपमधल्या माणसाला क्रेट काढायची खूण केली. तेवढ्यात जरीना शांतपणे पुढे आली आणि उत्तराच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसली.

"जायचंय आत?" ती म्हणाली. "माझ्या अंगावरून जा."

तो माणूस क्रेट धरून तसाच थांबला. उत्तराने मुलीकडे पाहिलं. गार्गी जीपच्या दाराशी उभी होती, पेटी छातीशी धरून.

"गार्गी, ती रंगाची बाटली काढ."

"गार्गी मॅडम," कुलथे पटकन म्हणाला, "ते कंपनीचं साहित्य आहे."

सगळी गल्ली गार्गीकडे बघत होती. तिला चालायला लागण्यापासून पाहिलेली माणसं. उत्तरा वाट बघत राहिली. बोल, ती मनात म्हणत होती, इथे उभी राहा आणि जे मला स्वयंपाकघरात सांगितलंस ते सांग, एवढंच.

गार्गीने पेटी उघडली. बाटली काढून तिने घराच्या कट्ट्यावर ठेवली. कोणाकडेही न बघता मागे फिरली आणि जीपमध्ये जाऊन बसली. काच वर केली.

उत्तराने ती बंद काच पाहिली. पण थांबायला वेळ नव्हता. तिने बाटली उचलली, परातीत पाणी मागवून त्यात रंग ओतला आणि ओरडली, "ज्यांच्या घरी हे मशीन आहे त्यांनी आतलं एकेक अंडं आणा. आणि एक ताजं, खुराड्यातलं."

बायका धावल्या. ओच्यात, वाटीत, मुठीत अंडी घेऊन आल्या. उत्तराने ती एकेक करून बुडवली आणि धुऊन बाहेर काढली. ताजं अंडं मोरपंखासारखं रंगलं. बाकीची पांढरी. कारंडेबाईंचं पांढरं. त्यांच्या जावेचं पांढरं. नळावर बोललेल्या शेवंताचंही पांढरं, अगदी बगळ्यासारखं. मुलीने सांगितलेला थर, भोकं, रस, सगळं उत्तराने तिच्या शब्दांत सांगितलं. मध्ये कुठे अडली तर तिने जीपच्या काचेकडे पाहिलं नाही.

"हे शास्त्र नाही, तमाशा आहे," कुलथे म्हणाला.

"मग शास्त्र तुम्ही सांगा," शेवंता पुढे येत म्हणाली. तिचं पांढरं अंडं तिच्या मुठीत होतं. "माझीही दोन खेपा पिल्लं मेली. पट्टीच्या भीतीने मी बोलले नाही. सांगा की शास्त्र!"

कुलथेने सांगितलं नाही. पोलीस घेऊन येतो म्हणाला, खटला भरतो म्हणाला, आणि जीप वळवून निघून गेला. क्रेट रिकामाच परत गेला. शेवंता जरीनासमोर जाऊन उभी राहिली, पण जरीनाने तिच्याकडे पाहिलंही नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली, म्हणाली, "अंग आखडलं," आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मशिनं बाहेर काढली. कोणी सांगितलं नव्हतं. दारादारांत ब्रशांचा आवाज सुरू झाला. करड्या रसाचा आणि फेसाचा ओघळ गटारीतून खालच्या गल्लीकडे वाहत गेला, तसं तिकडच्याही बायका काय चाललंय ते बघायला आल्या. वाळलेली मशिनं एकेक करून पुन्हा लावली गेली आणि घराघरांतून तोच गोड आवाज येऊ लागला, हे यंत्र अस्वच्छ आहे, हे यंत्र अस्वच्छ आहे. इस्माईलभाई पक्कड घेऊन घरोघर फिरत होता, मशिनांचे डोळे काढून ऊब थेट सुरू करून देत.

दुपारी फोन वाजला. उत्तराने फेसाचा हात पदराला पुसून तो उचलला.

"आई." गार्गीचा आवाज बसला होता. "माझी नोकरी गेली."

"गेली म्हणजे? काढलं, का सोडलीस?"

"काढलं," गार्गी म्हणाली. "बाटली दिली म्हणून."

उत्तराने डोळे मिटले. 'सोडली' हा दुसरा शब्द ऐकायला ती कालपासून काय वाटेल ते द्यायला तयार होती.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ये घरी. आणि येताना ते चर्चा करू नका म्हणून सांगितलेलं जे काही तुझ्याकडे आहे, ते घेऊन ये. गल्लीसमोर तूच वाचायचंस. माझ्याकडून वाचून घ्यायचं नाही."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. उत्तराने फोन ठेवून दिला, ब्रश उचलला आणि जाळीच्या कोपऱ्यात अडकलेली लव पुन्हा खरवडू लागली.